जीटीएक्स १०६० साठी पायटॉर्च सोर्सपासून कंपाइल करणे: कुठे अडतं, काय करावं

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

घरच्या डेस्कटॉपवर पायटॉर्च, म्हणजे न्यूरल नेटवर्क ट्रेन करायची लायब्ररी, सोर्सपासून कंपाइल करायला (मूळ कोडपासून स्वतः बांधायला) बसलं की माणूस ठरावीक चार-पाच ठिकाणी अडकतो. उत्तरं सगळी आहेत, पण विखुरलेली. ती मराठीत एका जागी असावीत म्हणून हा धागा काढतोय. ज्यांनी हे केलंय त्यांनी भर घालावी, ज्यांना करायचंय त्यांनी मोकळेपणाने विचारावं.

माझं मशीन साधं आहे. चौथ्या पिढीचा चार कोअरचा आय-५, १६ जीबी रॅम, उबुंटू २२.०४, आणि २०१६ साली आलेलं जीटीएक्स १०६० कार्ड, ६ जीबीवालं. काम आहे मोडी अक्षरं ओळखण्याचं. जुन्या कागदांच्या स्कॅनमधून अक्षरांचे छोटे चौकोन कापायचे आणि त्यावर एक लहानसं कन्व्होल्यूशन नेटवर्क ट्रेन करायचं. एवढ्याला हे कार्ड पुरून उरतं. ते भंगारात काढावं असं त्यात काही नाही.

अडचण अशी की एनव्हिडियाच्या प्रत्येक कार्डाला एक कंप्यूट कॅपॅबिलिटी, म्हणजे कार्डाच्या पिढीचा आकडा, असते. १०६० ची आहे ६.१, म्हणजे पास्कल पिढी. पिपने (पायथनच्या पॅकेज-इन्स्टॉलरने) जे तयार व्हील, म्हणजे आधीच बांधलेलं पॅकेज, उतरतं त्यात काही ठरावीक पिढ्यांसाठीचाच मशीन कोड भरलेला असतो. ६.० साठीचा कोड ६.१ वर चालतो, पण ७.५ चा चालत नाही. नव्या कुडावर (कार्डावर हिशोब चालवायची एनव्हिडियाची प्रणाली) बांधलेल्या व्हील्समधून जुन्या पिढ्या हळूहळू गळत गेल्या. कुडा १३ मध्ये तर मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या तिन्हींचा आधार टूलकिटमधूनच काढून टाकलाय. मग होतं असं: टॉर्च इम्पोर्ट होतं, कुडा उपलब्ध आहे का विचारलं तर 'ट्रू' येतं, आणि पहिला खरा हिशोब कार्डावर टाकला की 'नो कर्नल इमेज इज अव्हेलेबल फॉर एक्झिक्यूशन ऑन द डिव्हाइस' असं म्हणून सगळं थांबतं. कार्ड खराब झालेलं नसतं आणि ड्रायव्हरही बरोबर असतो. त्या व्हीलमध्ये आपल्या कार्डासाठी काहीच भरलेलं नसतं, इतकंच.

म्हणून सोर्सला हात लावण्याआधी टॉर्चच्या कुडा मॉड्यूलमधलं 'गेट आर्च लिस्ट' चालवून पाहा. यादीत 'एसएम ६०' किंवा 'एसएम ६१' दिसलं तर तुम्हाला कंपाइल करायची गरज नाही. कुडा १२.६ वर बांधलेलं अधिकृत व्हील तुमच्या आवृत्तीसाठी मिळत असेल आणि ते चालत असेल, तर तेच घ्या. मला पायटॉर्चच्या सी++ भागात थोडा बदल करून पाहायचा होता. शिवाय उद्या व्हील मिळो न मिळो, हे कार्ड चालतं ठेवणं आपल्या हातात असावं असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण यावर बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. स्वतः कंपाइल केलं म्हणून ट्रेनिंग झपाट्याने वेगवान होत नाही. जड गणितं कुडीएनएन आणि कुब्लासमध्ये होतात, आणि त्या लायब्ररी एनव्हिडियाकडून तयारच येतात. १०६० वर अर्ध्या प्रिसिजनचा, म्हणजे एफपी १६ चा वेग एफपी ३२ च्या चौसष्टाव्या भागाइतका आहे. टेन्सर कोअर आले ते २०१७ च्या व्होल्टापासून. तेव्हा मिक्स्ड प्रिसिजनच्या नादी लागू नका. एफपी ३२ मध्येच राहा आणि बॅच लहान ठेवा.

आता मूळ मुद्दा. चार गोष्टींचं आपसात जुळावं लागतं: ड्रायव्हर, कुडा टूलकिट, जीसीसी (सी++ चा कंपाइलर) आणि पायटॉर्चची आवृत्ती. ड्रायव्हरची ५८० ही शाखा पास्कलसाठी शेवटची, त्यापुढे जाऊ नका. टूलकिट १२ च्या मालिकेतलंच हवं. इथे एक गल्लत फार जणांची होते. एनव्हिडिया-एसएमआय चालवल्यावर वर उजवीकडे जो कुडाचा आकडा दिसतो तो तुमच्याकडच्या टूलकिटचा नाही. हा ड्रायव्हर कुठवरचं कुडा झेलू शकतो, ते तो सांगतो. टूलकिट कोणतं आहे हे एनव्हीसीसीलाच (टूलकिटमधल्या कंपाइलरलाच) विचारायचं. जीसीसीचंही तसंच. प्रत्येक टूलकिट एका मर्यादेपर्यंतचंच जीसीसी स्वीकारतं. उदाहरणार्थ कुडा ११.८ हे जीसीसी ११ च्या वर जात नाही. 'अनसपोर्टेड जीएनयू व्हर्जन' अशी एरर आली की तपासणी बंद करायचा फ्लॅग देऊन पुढे रेटायचा मोह होतो. तसं करू नका. जुनं जीसीसी शेजारी बसवा आणि सीसी, सीएक्सएक्स, कुडाहोस्टसीएक्सएक्स हे तिन्ही व्हेरिएबल त्याच्याकडे वळवा. तपासणी दाबून टाकली तर एरर जात नाही, पुढे कुठल्यातरी टेम्प्लेटमध्ये फुटते आणि मग ती वाचता येत नाही.

कुडीएनएन घेतानाही त्याचं सपोर्ट मॅट्रिक्स पाहूनच घ्या. तिथेही जुन्या पिढ्या वगळत नेल्या आहेत, 'सगळ्यात नवं' आपल्या कामाचं नाही.

सोर्स घेताना गिटहबवरची झिप उतरवायची नाही, त्यात सबमॉड्यूल (सोबत लागणारे इतर प्रकल्प) नसतात. रिकर्सिव्ह क्लोन करा, हवा तो रिलीज टॅग चेकआउट करा, आणि टॅग बदलल्यावर सबमॉड्यूल अपडेट पुन्हा चालवा. ही शेवटची पायरी राहिली तर एका आवृत्तीच्या पायटॉर्चला दुसऱ्या काळातली थर्ड-पार्टी लायब्ररी मिळते, आणि एरर येते ती भलत्याच जागी. जागेचं म्हणाल तर प्रकल्पाच्या रीडमीत किमान १० जीबी म्हटलंय. मी सांगेन, ३० तरी मोकळी ठेवा. तिथे पहिल्या बिल्डला ३० ते ६० मिनिटं असंही लिहिलंय, पण ते भरपूर कोअरच्या मशीनवर. चार कोअरवर रात्र धरून चाला.

आता बिल्ड सुरू करण्याआधी द्यायचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. सगळ्यात मोलाचं म्हणजे टॉर्च_कुडा_आर्च_लिस्ट. त्यात फक्त ६.१ लिहा. याने इतका फरक का पडतो, हे बिल्ड चालू असताना एचटॉप उघडलंत तर डोळ्यांनी दिसतं. एका कुडा फाइलसाठी आधी सीसीआयसीसी नावाची प्रोसेस वर येते, मग पीटीएक्सएएस. यादीत पाच पिढ्या असतील तर त्याच फाइलसाठी हे जोडपं पाचदा येतं. अशा फाइली शेकड्यांनी आहेत. एकच पिढी ठेवली की वेळही वाचतो आणि शेवटच्या लायब्ररीचा आकारही उतरतो.

फ्लॅश अटेन्शन बंद करा. ते अँपिअर, म्हणजे ८.० पासून पुढेच चालतं, पण त्याच्या फाइली कंपाइल व्हायला सगळ्यात जड. मेमरी-एफिशियंट अटेन्शन मात्र ठेवा, ते पास्कलवर उपयोगी पडतं. बिल्ड_टेस्ट शून्य. एकाच कार्डावर काम असेल तर डिस्ट्रिब्यूटेडही शून्य चालेल.

राहिली रॅम, आणि बहुतेक बिल्ड इथेच मरतात. मॅक्स_जॉब्स दिलं नाही तर चार कोअरवर निंजा (बिल्डची कामं लावणारं साधन) आपणहून सहा कामं एकदम लावतो. काही कुडा फाइली एकेकट्या दोन-तीन जीबी सहज खातात. अशा चार फाइली एकाच वेळी आल्या की कर्नल एखादी प्रोसेस मारून टाकतो, आणि टर्मिनलवर फक्त 'किल्ड' एवढंच दिसतं. डीमेसेज पाहिलंत तर 'आउट ऑफ मेमरी' लिहिलेलं सापडेल. १६ जीबीवर मॅक्स_जॉब्स ३ ठेवा, ब्राउझर चालू ठेवायचा असेल तर २. एसएसडीवर १६ जीबीची स्वॅप फाइल करून घ्या. आणि सीकॅश (कंपाइल झालेलं साठवून ठेवणारं साधन) आधीच बसवा, दुसऱ्या बिल्डला त्याची किंमत कळते.

शेवटचं, पण सर्वांत महत्त्वाचं: सीमेक (बिल्डची मांडणी ठरवणारं साधन) आपलं काम संपवताना एक लांबलचक सारांश छापतो. तो पडद्यावरून सरकून जाऊ देऊ नका, फाइलमध्ये साठवा आणि वाचा. कुडा 'ऑन' आहे का, कुडीएनएन 'ऑन' आहे का, ब्लास या गणिती लायब्ररीपुढे काय लिहिलंय. कुडीएनएन सापडलं नाही तर बिल्ड थांबत नाही, एक सूचना छापून तो पर्याय गुपचूप बंद होतो. रात्रभर चाललेलं बिल्ड सकाळी व्यवस्थित संपतं आणि कन्व्होल्यूशन रखडत चालतं. लॅपॅक ही रेषीय बीजगणिताची लायब्ररी नसेल तर सीपीयूवरची लिनाल्गमधली बरीच फंक्शन्स चालवल्यावर एरर देतात. हे सगळं पहिल्या काही मिनिटांतच कळण्यासारखं असतं.

---

चांदणवेल

फार छान लिहिलंय. एक प्रामाणिक प्रश्न: एवढी खटपट करण्यापेक्षा गूगलच्या कोलॅबवर (ब्राउझरमधून त्यांचं कार्ड वापरू देणारी सेवा) का नाही? तिथलं फुकट मिळणारं कार्डही १०६० पेक्षा नवं असतं ना?

गोदाकाठ

चांदणवेल, कोलॅब चांगलंच आहे, शिकणाऱ्याला मी तेच सुचवतो. पण फुकटच्या सत्राला वेळेची मर्यादा असते, सत्र संपलं की डिस्कवरचं जातं, आणि नेमकं हवं तेव्हा कार्ड मिळेलच असं नाही. माझ्याकडच्या कागदांत लोकांच्या घरच्या वाटण्या आहेत, जमिनींचे व्यवहार आहेत. ज्यांनी विश्वासाने स्कॅन करू दिलं त्यांचे कागद मी बाहेर चढवणार नाही. तिथे माझ्यासाठी प्रश्नच मिटतो.

श्रावणसर

दादा, माझ्याकडे विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) आहे. रॅम १६ जीबीच. मॅक्स_जॉब्स ३ ठेवूनही 'किल्ड' येतं. स्वॅपही केलाय, पण तो विंडोजच्या बाजूला पेजफाइल वाढवून. आणखी काय करू?

रातकिडा

श्रावणसर, डब्ल्यूएसएल २ आपणहून एकूण रॅमच्या निम्मीच घेतो. म्हणजे तुमच्या लिनक्सला ८ जीबीच दिसतेय. आत 'फ्री' चालवून खात्री करा. विंडोजमधल्या तुमच्या यूजर फोल्डरात डॉटडब्ल्यूएसएलकॉन्फिग नावाची फाइल करा, त्यात डब्ल्यूएसएल२ या भागाखाली मेमरी १२ जीबी आणि स्वॅप १६ जीबी लिहा. मग पॉवरशेलमधून डब्ल्यूएसएल शटडाउन करून परत सुरू करा. नुसती खिडकी बंद करून भागत नाही.

आणखी दोन गोष्टी. सोर्स सी ड्राइव्हवर ठेवला असेल तर हलवा, लिनक्सच्या होम फोल्डरात घ्या. दोन फाइल सिस्टिमच्या सीमेवरून हजारो छोट्या फाइली वाचायला भयंकर वेळ जातो. आणि डब्ल्यूएसएलच्या आत एनव्हिडियाचा लिनक्स ड्रायव्हर बसवू नका. ड्रायव्हर विंडोजचाच वापरला जातो, आत फक्त टूलकिटचं पॅकेज हवं.

श्रावणसर

अगदी बरोबर, ७.७ जीबीच दाखवतंय. आज रात्री लावतो.

कुंदाप्रेमी

थोडा वेगळा प्रश्न, चालेल ना? आमच्या शाळेच्या लॅबमध्ये जुने पेंटियम आहेत, कार्ड वगैरे काही नाही. टेन्सरफ्लो (पायटॉर्चसारखीच लायब्ररी) बसवलं की इम्पोर्ट करतानाच 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' येऊन पायथन बंद पडतं. पुन्हा इन्स्टॉल करूनही तेच. हेही सोर्सपासून करावं लागेल का?

रातकिडा

हो ताई, पण कारण वेगळं. टेन्सरफ्लोच्या १.६ पासून, म्हणजे २०१८ पासून, तयार व्हील्स एव्हीएक्स, म्हणजे सीपीयूमधल्या जलद गणिताच्या सूचना, गृहीत धरतात. इंटेलच्या कोअर मालिकेत एव्हीएक्स २०११ च्या सँडी ब्रिजपासून आलं, पण पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये पुढे कितीतरी वर्षं ते बंदच ठेवलेलं होतं. प्रॉक फोल्डरातली सीपीयूइन्फो फाइल उघडा, फ्लॅग्जच्या ओळीत 'एव्हीएक्स' नसेल तर तेच कारण. कितीही वेळा इन्स्टॉल केलंत तरी फरक पडणार नाही.

टेन्सरफ्लो बेझल या बिल्डच्या साधनाने बांधतात. बेझलची आवृत्ती नेमकी तीच लागते जी सोर्समधल्या डॉटबेझलव्हर्जन फाइलमध्ये लिहिलीये, म्हणून हाताने बेझल बसवण्यापेक्षा बेझलिस्क वापरा, ते फाइल वाचून हवं तेच आणतं. कॉन्फिगर स्क्रिप्ट प्रश्न विचारते, कुडाला नाही म्हणा, आणि ऑप्टिमायझेशन फ्लॅगच्या जागी मार्च-नेटिव्ह द्या. पण पेंटियमवरच बांधायला बसू नका, संपता संपणार नाही. एखादं दणकट मशीन घ्या आणि तिथे मार्च-नेटिव्हऐवजी तुमच्या पेंटियमच्या पिढीचं नाव द्या. नाहीतर ज्या मशीनवर बांधलं त्याच्याच सूचना त्यात उतरतात आणि लॅबमध्ये परत तीच एरर येते.

गोदाकाठ

कुंदाप्रेमीताई, मुलांना नेमकं काय दाखवायचंय? आकडे ओळखणं वगैरे असेल तर सायकिट-लर्न पुरेल, त्याला कंपाइल करायची गरज पडू नये. भाषेचं मॉडेल चालताना दाखवायचं असेल तर लामा.सीपीपी पाहा. मार्च २०२३ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प सी आणि सी++ मध्ये आहे, अवलंबित्वं जवळपास नाहीत, आणि सीमेकच्या दोन कमांडमध्ये बांधून होतो. तो त्याच मशीनच्या सीपीयूकडे पाहून स्वतःला जुळवून घेतो, एव्हीएक्स नसेल तर त्याशिवाय. वेग कमी मिळेल, पण लहान मॉडेल एकेक शब्द टाकताना मुलांना दिसेल. फक्त बिल्ड पेंटियमवरच करा, दुसरीकडून उचलून आणू नका. मुलांसमोर सोर्सपासून काहीतरी बांधून दाखवणं हाच एक उत्तम तास होईल असं मला वाटतं.

कुंदाप्रेमी

लामा.सीपीपीचं करून पाहते. दोघांचेही आभार. टेन्सरफ्लोचा नाद सोडला.

माळरान

आमच्याकडे रात्री लाइट जाते, इन्व्हर्टर डेस्कटॉपला पुरत नाही. बिल्ड अर्ध्यावर असताना मशीन बंद पडलं तर पहिल्यापासून करावं लागतं का?

गोदाकाठ

नाही माळरान. तीच कमांड पुन्हा द्या, निंजा झालेल्या फाइली सोडून उरलेल्या घेतो. मात्र लाइट जाताना जे डिस्कवर लिहिलं जात होतं त्याचा भरवसा नाही. कधीकधी एखादी ऑब्जेक्ट फाइल शून्य बाइटची राहते, निंजाला ती झालेली वाटते, आणि शेवटी लिंकर 'फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइज्ड' म्हणून अडतो. म्हणून पुन्हा सुरू करण्याआधी बिल्ड फोल्डरात फाइंडने शून्य आकाराच्या डॉट-ओ फाइली शोधून उडवा. तेवढ्याच परत बनतील.

पण पर्याय बदलले असतील, म्हणजे आर्च लिस्ट किंवा कुडीएनएनचा मार्ग, तर नुसतं पुढे चालू ठेवू नका. सीमेकची कॅश फाइल जुनी उत्तरं लक्षात ठेवते. क्लीन करून पहिल्यापासून लावा. सीकॅश असेल तर ज्यांच्यात काही बदललं नाही त्या फाइली भराभर निघून जातात.

श्रावणसर

झालं! सकाळी उठून पाहिलं तर बिल्ड पूर्ण. पण त्याच टर्मिनलमध्ये पायथन उघडून टॉर्च इम्पोर्ट केलं तर 'टॉर्च.अंडरस्कोअर-सी' मॉड्यूल सापडत नाही म्हणतंय. काही राहिलं का?

रातकिडा

सोर्स फोल्डरातच उभे आहात ना? तिथे टॉर्च नावाचंच फोल्डर आहे, पायथन इन्स्टॉल केलेलं सोडून तेच उचलतोय. होम फोल्डरात जा आणि परत करून पाहा.

श्रावणसर

चाललं. आर्च लिस्टमध्ये एसएम ६१ दिसतंय, कार्डावर मॅट्रिक्सचा गुणाकारही झाला. आता पिपने टॉर्चव्हिजन (पायटॉर्चची चित्रांसाठीची जोड-लायब्ररी) बसवतो.

गोदाकाठ

श्रावणसर, थांबा! पिपला तसंच सांगितलंत तर टॉर्चव्हिजन आपल्याला हवी ती टॉर्चची नेमकी आवृत्ती मागेल. तुमच्या बिल्डचं नाव 'ए० अधिक गिट' असं काहीतरी आहे, ते तिला जुळणार नाही, आणि पिप अधिकृत टॉर्च उतरवून तुमच्या रात्रभराच्या बिल्डवर बसवून टाकेल.

टॉर्चव्हिजनचाही सोर्स घ्या, तुमच्या पायटॉर्चशी जुळणारा टॅग चेकआउट करा आणि बिल्ड आयसोलेशन बंद ठेवून बसवा, म्हणजे ते तुमच्याच टॉर्चवर बांधलं जाईल. ते लहान आहे, फार वेळ घेत नाही. पुढच्या वेळी पायटॉर्च बांधतानाच पायटॉर्च_बिल्ड_व्हर्जन आणि पायटॉर्च_बिल्ड_नंबर ही दोन व्हेरिएबल द्या, म्हणजे आवृत्तीचं नाव स्वच्छ येतं आणि इतर पॅकेजेस कुरकुरत नाहीत.

त्याआधी एक करा. आत्ताच्या बिल्डमधून व्हील बांधून घ्या, कंपाइल झालेलंच असल्याने पटकन होतं. ती फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवा, आणि नावात किंवा शेजारच्या टिपणात पायथन, कुडा, कुडीएनएन यांच्या आवृत्त्या लिहा. ३.११ वर बांधलेलं व्हील ३.१२ वर बसत नाही. आणि अधिकृत व्हीलसोबत येतात तशा कुडाच्या लायब्ररी आपल्या व्हीलसोबत येत नाहीत, त्या मशीनवर त्याच आवृत्तीच्या असाव्या लागतात.

श्रावणसर

बरं झालं विचारलं. व्हील डिस्ट फोल्डरात तयार झालंय, बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी लावलीये. टॉर्चव्हिजन सोर्सपासून सुरू केलं.

माळरान

माझ्याकडेही १०६० च आहे, पण ३ जीबीवालं. उबुंटू २२.०४ आणि पायथन ३.११. श्रावणसर, तुमचं व्हील मला चालेल का?

रातकिडा

कार्डाच्या बाजूने काही अडचण नाही, दोन्ही ६.१ च. कुडा आणि कुडीएनएन त्याच आवृत्तीचं बसवा, आणि डब्ल्यूएसएलमध्येही उबुंटू २२.०४ च होतं का ते श्रावणसरांना विचारून घ्या. नव्या उबुंटूवर बांधलेलं असेल तर जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) नवं मागेल आणि तुमच्याकडे इम्पोर्टलाच अडेल.

श्रावणसर

२२.०४ च आहे. कुडा १२.६. माळरान, व्यनि करा, लिंक पाठवतो.